सोनमाळची रेक्टर

अक्कांना उडायची परवानगी होती, पण त्या नेहमी चालतच जायच्या.

आमच्या ऑफिसात ज्याच्याकडे ॲडमिनचं खातं होतं त्याला सोनमाळमध्ये काहीही करता यायचं. एका बटणावर वेशीपासून तळ्यापर्यंत, भिंतींतून आरपार, छपरांवरून तरंगत. आम्ही सगळे तसेच जायचो, कारण कामं पडलेली असायची. अक्का मात्र सकाळी आल्या की पिशवी खुर्चीला अडकवायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि वेशीतून आत शिरून अख्खं गाव पायी फिरायच्या. कीबोर्डवरचा बाण दाबून धरायचा आणि पडद्यावरची बाई संथपणे चालत राहायची.

"अक्का, यात किती वेळ जातो," मी एकदा म्हटलं.

"वरनं बगितलं की नुसती छपरं दिसत्यात," त्या म्हणाल्या. "माणसं खाली असत्यात की."

सोनमाळ हे गाव कुठल्या नकाशावर नव्हतं. परदेशातल्या एका कंपनीनं एक प्लॅटफॉर्म काढला होता, त्यावर कुणालाही स्वतःचं जग उभारता यायचं. जमीन, आकाश, चालणं-बोलणं, शेकडो माणसं एकाच वेळी आत आली तरी कोसळणार नाही अशी व्यवस्था, हे सगळं कंपनीचं. घरं, झाडं, गुरं, नियम आपले. लोक फोनवरून नाहीतर कॉम्प्युटरवरून आत यायचे, एखादं रूप आणि नाव घ्यायचे, घर बांधायचे, शेत नांगरायचे, एकमेकांशी गप्पा मारायचे. घोडे, दागिने, वाडे असलं काही हवं असेल तर खरे पैसे मोजायचे. त्यातला वाटा कंपनीचा, उरलेल्यात आमचे पगार. आमचे मालक पुण्यात असल्या कामात काही वर्षं काढून सोलापूरला परतले होते. सात रस्ता चौकाजवळ खाली इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आणि वर आम्ही सहा-सात जण. माझ्या घरी आजोबांपासून माग होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मी प्रोग्रॅमर झालो म्हणजे खडखडाटातून सुटलो, असं आईला वाटायचं. आमच्या सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज तिनं कधी ऐकला नाही.

अक्का आल्या त्या तक्रारी वाचायला. मॉडरेटर असं पदाचं नाव. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारं माणूस हवं, अशी जाहिरात होती. पंचविशीतली पोरंपोरी येतील असं वाटलं होतं. आली ती पन्नाशी ओलांडलेली बाई. कपाळाला विभूती, अंगावर इरकल, हातात कापडी पिशवी, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मूळच्या अक्कलकोटकडच्या. कितीतरी वर्षं मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर होत्या, मग ते वसतिगृह बंद पडलं. राहायला सोलापूरजवळ कुंभारीला, एकट्या.

मालकांनी विचारलं, "गेम खेळायचा काही अनुभव?"

"न्हाय. पोरी सांभाळायचा हाय."

मालक हसले आणि त्यांनी अक्कांना ठेवून घेतलं. तेव्हा मालक पुष्कळ हसायचे.

'यूजर' हा शब्द अक्कांनी कधी तोंडातून काढला नाही. त्यांच्या लेखी ती बिऱ्हाडं होती. नवं कुणी आत आलं की एका बोटानं, पण शुद्ध मराठीत, पूर्णविरामासकट लिहायच्या, "कुठून आलात? जेवलात का?" मुंबईची पोरं त्यावर फिदीफिदी हसायची. कुणी शिवी दिली तर "तोंड धुऊन या" असं लिहून त्याचं खातं तासभर बंद ठेवायच्या. आम्हालाही तोच नियम. जेवताना पडद्याकडं बघितलं की येऊन मॉनिटर बंद करायच्या आणि जेवायला अंथरलेल्या सतरंजीकडं बोट दाखवून म्हणायच्या, "सुम्म कुंद्रु." म्हणजे गप बसा. हे कन्नड आमच्या ऑफिसात सगळ्यांना येऊ लागलं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "हितं लोक चपला कुटं काढत्यात?"

"अक्का, त्यांना चपलाच नाहीत. पाय नुसते रंगवलेत."

"मग पायातनं काढता येत्याल अशा रंगवा की. असं घरात शिरत्यात व्हय?"

दोन दिवस घालवून मी चपला केल्या. मालकांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण नंतर लोक उंबऱ्यापाशी चपला बघून "आहात का घरात?" असं विचारायला लागले. पूर्वी सरळ भिंतीतून घुसायचे.

नळाचं प्रकरण याहून मोठं झालं. आमच्या मूळ आराखड्यात प्रत्येक घरात पाणी होतं, कधीही आणि कितीही. अक्कांना ते बघून राग आला. "सोलापुरात कुणाच्या घरी रोज पानी येतंय? चार-पाच दिसांनी येतं. हे गाव कुटलं मग?" त्यांनी माझ्यामागं भुणभुण लावली. शेवटी मी चौकात एकच सार्वजनिक नळ बसवला, मधे काही दिवस सोडून येणारा, आणि त्याची वेळ आदल्या दिवशी कळणारी. मालक उखडले. "लोक मजा करायला येतात हो अक्का, हाल करून घ्यायला नाही!" आठवडाभर दुबईपासून डोंबिवलीपर्यंतच्या बिऱ्हाडांनी आम्हाला शिव्या घातल्या. मग शिव्या थांबल्या. नळाच्या वेळी चौकात पाय ठेवायला जागा उरेना. घागरी रांगेत ठेवायच्या आणि बोलत उभं राहायचं. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं, कुणाचा निकाल लागलेला. शारजाचा एक ड्रायव्हर जेवणाच्या सुट्टीत फक्त रांगेत उभं राहायला यायचा. त्याला पाणी लागतच नव्हतं, कारण त्यानं घरच बांधलं नव्हतं. मालकांनी आकडे बघितले आणि नळ राहू दिला. पुढं एका सादरीकरणात त्यांनी नळाला 'आमची सोशल संकल्पना' म्हटल्याचं मी ऐकलं. अक्काही तिथंच बसल्या होत्या. त्या शेंगा सोलत होत्या.

हे वाचून कुणाला वाटेल की आमचे दिवस मजेत जात होते. तसं नव्हतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी परदेशातली कंपनी काहीतरी बदलायची. सकाळी येऊन बघावं तर अर्ध्या गावाची दारं उलटी बसलेली, गाई छपरावर चरतायत, तळं रिकामं. त्यांना पत्र लिहिलं की यंत्रानं पाठवलेलं आभाराचं उत्तर यायचं. आम्ही दारं सुलटी करायचो, गाई उतरवायचो. घर आपलं पण त्याखालची जमीन दुसऱ्याची, हे इतक्या वेळा कळलं की नंतर चीडही येईना. नुसता थकवा यायचा, डोळ्यांच्या मागं कुठंतरी.

"अक्का, आता नको वाटतं," मी एकदा बोलून गेलो.

"वसतिगृहाची टाकी दर उन्हाळ्यात गळायची," त्या म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात माणूस बोलवायचो. तो बी कंटाळायचा."

एवढंच. धीर वगैरे दिला नाही. बिघडलेली घरं कुठली ते मला सांगत त्या पुढं चालत राहिल्या.

त्या फेऱ्यांतच त्यांना ती मुलगी दिसली. खेळातलं तिचं नाव कोकरू. हिरवा परकर, हातात काठी, मागं पाच-सहा मेंढरं. आधी ती कायम चौकात असायची, कुणाशीही बोलायची. हल्ली ती पिठाच्या गिरणीमागं भिंतीला टेकून बसलेली दिसायची, मेंढरांशिवाय. अक्कांनी लिहिलं, "काय गं, इथं का बसलीस?" उत्तर आलं नाही. कोकरू तिथल्या तिथं गायब झाली, म्हणजे खेळ बंद करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अक्कांनी मला बोलावलं. "हिला कोण काय लिवतंय ते काढून दाखव."

मी नोंदी काढल्या. सरदार नावाचा एक माणूस होता. सोनेरी घोडा, गावातला सगळ्यात मोठा वाडा, आणि आमच्या दुकानातून सगळ्यात जास्त खरेदी त्याचीच. तो तिला रोज लिहीत होता. फोटो पाठव. नंबर दे. देत नाहीस तर तुझं घर पाडीन. मग पुढं, तुझी शाळा कुठली ते मला कळलंय. तिनं सुरुवातीला दोनदा 'मला त्रास देऊ नका, मी नववीत आहे' असं लिहिलं होतं. त्यानंतर काहीच नाही.

अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग चष्मा घालून त्यांनी सरदारचं खातं कायमचं बंद केलं. पोलिसांत द्यायचं तर मुलगी कोण, कुठली, काहीच माहीत नव्हतं, आणि विचारायला गेलं की ती नाहीशी व्हायची.

दुसऱ्या दिवशी सरदार घोड्यावर बसून चौकात उभा होता. मालकांनी खातं परत उघडलं होतं.

अक्का त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिन म्हणजे एक काचेचं पार्टिशन होतं, त्यामुळं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"अक्का, तो एकटा जेवढा खर्च करतो ना, त्यात इथले दोन पगार निघतात," मालक म्हणाले. "मी त्याला कडक ताकीद दिली आहे. तो परत तिला एक अक्षर लिहिणार नाही. लिहिलं तर मी स्वतः त्याला काढतो."

"लिवणार न्हाय. पर मागं मागं तर फिरंल की."

"मागं फिरण्याविरुद्ध आपला नियम नाही, अक्का."

"न्हाय ना? नक्की?"

"नाही."

"बरं," म्हणून त्या बाहेर आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या.

त्या दिवसापासून सरदार वेशीतून आत आला की अक्का त्याच्या शेजारी. तो गिरणीकडं वळला की अक्का गिरणीकडं. तो वाड्यात गेला की अक्का उंबऱ्याबाहेर. त्यानं घोड्याला टाच मारली. सोनेरी घोडा गावात सगळ्यात वेगवान होता, त्यासाठीच त्यानं तो घेतला होता. तेव्हा मी अक्कांना पहिल्यांदा उडताना बघितलं. इरकल नेसलेली ती पडद्यावरची बाई छपरांवरून सरळ रेषेत गेली आणि तळ्याकाठी त्याच्या समोर उतरली.

"काय पाहिजे?" त्यानं लिहिलं.

"काही नाही. उभी आहे."

"मी तक्रार करीन."

"करा. तक्रारी मीच वाचते."

आम्हाला हसू आलं, पण अक्का हसल्या नाहीत. हे एका दिवसाचं काम नव्हतं. आठवडा गेला, दुसरा गेला. बाकीच्या तक्रारी त्या त्यातूनच वाचायच्या. जेवायला उठल्या की मला खुर्चीत बसवायच्या. "नुस्तं ऱ्हा तितं. बोलू नको." त्यांचे डोळे लाल व्हायचे, उजव्या हाताचं बोट ताठरायचं, मग त्या डाव्या हातानं बटण दाबायच्या. तो शिव्या लिहायचा, कधी गयावया करायचा, कधी तासन्‌तास नुसता उभा राहायचा, आणि त्याही उभ्या. नळावर लोक विचारायला लागले, अक्का, हे काय चाललंय? मुलीबद्दल त्यांनी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. "ओळख करून घेते आहे," एवढंच लिहायच्या. लोकांनी आपापलं काय ते ओळखलं असावं. एके दिवशी शारजाचा ड्रायव्हर काही न विचारता अक्कांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग हुबळीची एक नर्स, ड्यूटी संपवून.

आणि एक दिवस सरदार आलाच नाही. नंतरही आला नाही. त्याचा वाडा तसाच पडून राहिला.

बऱ्याच दिवसांनी कोकरू मेंढरं घेऊन चौकात आली. अक्का फेरीवर होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी लिहिलं, "जेवलीस का?" तिनं लिहिलं, "हो." अक्का पुढं गेल्या.

महिनाअखेरीला मालकांनी त्यांना बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्या काळात त्यांचे केस फार भरभर पांढरे झाले. सरदारचे पैसे थांबल्यावर एका पोराला त्यांनी आधीच कामावरून कमी केलं होतं. ते बराच वेळ आकडे सांगत राहिले आणि अक्का मान हलवत ऐकत राहिल्या.

"तुमचं चुकलं म्हणत न्हाय मी," शेवटी अक्का म्हणाल्या. "तुमाला घर चालवायचं हाय. पर उद्या असा दुसरा आला, तर मी परत तेच करणार. मग तुमी परत मला बोलवणार. कशाला दोघांनी दमायचं?"

त्यांनी पिशवी उचलली. आम्ही खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसताना त्या मला म्हणाल्या, "भिताडाला टेकून कोण बसलंय का, तेवढं बघत जा."

मी बघत गेलो, जमेल तितकं. पण वर्ष सरायच्या आत परदेशातल्या कंपनीनं तो प्लॅटफॉर्मच गुंडाळला. परवडत नाही, असं कळवलं. पत्र सभ्य होतं. एका दुपारी आम्ही पडद्यापुढं बसलो होतो आणि चौक, नळ, गिरणी, रांगेतली माणसं सगळं एकदम करडं झालं. मालक उठून हात धुवायला गेले. मग कामं बदलली. आता आम्ही बाहेरच्या कंपन्यांच्या जगांसाठी सुटे भाग करतो. खुर्च्या, गाड्या, दिव्याचे खांब. ते कुठं लागतात, तिथं कोण राहतं, काही कळत नाही. मी गेल्या महिन्यात जिनेच जिने केले.

अशातच एके दिवशी जिन्यातून एक गृहस्थ वर आले. पटका, धोतर, खांद्यावर घोंगडं. बरोबर शाळेच्या वयाची मुलगी, दोन वेण्या, मान खाली. मंगळवेढ्याहून एस्टीनं आले होते. सोनमाळ उघडताना खाली आमच्या कंपनीचं नाव यायचं, त्यावरून मुलीनं पत्ता शोधला होता.

"हितं कोन बाई होत्या," ते म्हणाले. "आमच्या पोरीसाटी हुब्या ऱ्हायल्या म्हनं. त्यास्नी बगायचं हाय."

मी मुलीकडं बघितलं. "कोकरू?"

तिनं मान हलवली.

मी सुट्टी टाकली आणि दोघांना कुंभारीला घेऊन गेलो. अक्का दारातच डाळ निवडत बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या. नोकऱ्यांचे दोन-तीन निरोप आम्हीच पाठवले होते, ते त्यांनी कन्नडात "बेड" म्हणून परत पाठवले होते. नको. मी सांगितलं कोण आलंय. त्यांनी मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एवढी उंच हाईस व्हय? तितं तर टिचभर होतीस."

मुलगी रडायला लागली. अक्कांनी तिला रडू दिलं, समजूत घातली नाही. डाळीचं ताट बाजूला सरकवून जागा केली तेवढी. मुलगी येऊन शेजारी बसली.

बाप उभाच होता. "गाव बंद झालं तवा ही जेवंना," तो सांगू लागला. "लई इचारलं तवा बोलली समदं. मी फोन काढून घेतला. तवाधरनं माज्यासंगं बोलत न्हाय. बोलती, पर आपलं व्हय-न्हाय एवडंच." त्यानं अंगातल्या कोपरीच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि अक्कांपुढं धरला. "ह्यो परत द्यावा का न्हाय, तुमी सांगा. तुमी सांगशीला तसं."

अक्कांनी फोन हातात घेतला नाही. "हिनं तवाच का सांगितलं न्हाय तुमाला?"

त्यानं पुढं केलेला फोन मागं घेतला. मग म्हणाला, "फोन काडून घेतला असता मी."

"मग?"

बापानं फोन उलटसुलट करून बघितला.

"त्यात काय असतं तरी काय?" बाप हळूच म्हणाला. "मला बी एकदा दाकवा की."

"सोनमाळ आता नाहीये, आप्पा," मुलगी म्हणाली. बहुतेक त्या दिवसातलं तिचं पहिलंच पूर्ण वाक्य.

"मग दुसऱ्या गावात जाऊ. एक गाव उटलं म्हनून मेंढरं थांबत्यात व्हय?"

मुलीनं त्याच्या हातातून फोन घेऊन चालू केला आणि दुसरंच एक जग उघडलं. उंच काचेच्या इमारती, रंगीत गाड्या, शेकडो माणसं इकडून तिकडं पळणारी. अक्का वाकून बघत होत्या.

"हितं बगायला कोण हाय?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही, अक्का. यंत्रच बघतं."

त्यांनी मुलीच्या हातातून फोन घेतला आणि बापाच्या हातात दिला. "मग तुमी जावा हिच्यासंगं. रोज न्हाय जमलं तरी जावा. आनि हिनं काय सांगितलं तर आदी ऐका."

बाप उंबऱ्यावर टेकला. घोंगडं मांडीवर घेतलं, फोन दोन्ही हातांत धरला आणि मुलीनं दाखवलं तिथं अंगठा टेकवला. पडद्यावरचा माणूस धाडकन जाऊन एका दुकानाच्या भिंतीवर आपटला. परत उठला, परत आपटला.

"आप्पा, भिंत हाय ती!" मुलगी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.

"आसंल की," तो म्हणाला. "तू फुडं हो, मी येतो."

अक्का चहा ठेवायला आत गेल्या.